भरलेला सिलिंडर जड, मग हेलियमचा फुगा वर का जातो?

बाई, तुमच्या नववीच्या मुलांचे प्रश्न पोचले. एक सगळ्यांचा मिळून आहे: हेलियम हवेपेक्षा हलका का, त्याचे अणू लहान असतात म्हणून का? दुसरा त्या खानापूरच्या मुलीचा: हेलियम एवढा हलका असेल तर भरलेला सिलिंडर रिकाम्यापेक्षा हलका व्हायला हवा, मग तो टेम्पोतून उतरवायला दोन गडी का लागतात? दुसऱ्या प्रश्नाच्या पोटातच पहिल्याचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपना आणि फाउंड्र्यांना वायू पुरवतो. आर्गॉन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड हे रोजचे. हेलियम कधीमधी, गळती तपासायला किंवा समारंभाच्या फुग्यांना. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरात द्रवरूप होतो आणि किलोवर विकला जातो, त्यामुळे आमच्याकडे वजनकाटा कायम मांडलेला असतो. बाकीचे वायू दाबावर मोजतात, त्यांना काट्याची गरज नसते. पण मुलांना समजावायचं तर तोच काटा कामाला येतो.

४७ लिटरचा पोलादी सिलिंडर घ्या. नुसतं पोलादच पन्नास-साठ किलो भरतं. दोन गडी लागतात ते त्या पोलादासाठी. आता त्यात १५० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दीडशेपट दाबाने, आर्गॉन भरा. वजन बारा किलोच्या आसपास वाढतं. तशाच दुसऱ्या सिलिंडरात तेवढ्याच दाबाने नायट्रोजन भरला तर वाढ आठेक किलोची. तिसऱ्यात हेलियम भरला तर किलोभर, फार तर वर पन्नास-शंभर ग्रॅम. तिन्ही सिलिंडरांचं माप एक, तिन्ही गेज १५० दाखवतात, आणि आतल्या मालाचं वजन मात्र बारा, आठ आणि एक.

तेव्हा त्या मुलीला आधी एवढं सांगा, की हेलियम भरल्यावर सिलिंडर किलोभराने जडच होतो. हेलियमला वजन आहे, पृथ्वी त्यालाही खाली ओढते. पोलादाचा सिलिंडर फुग्यासारखा फुगत नाही, त्यामुळे तो हवेत जेवढी जागा अडवतो ती रिकामा असताना आणि भरलेला असताना तेवढीच राहते. त्या जागेपोटी हवा त्याला जो वर रेटा देते तो फार तर साठ ग्रॅमचा, आणि त्यातही भरल्यावर वाढ होत नाही. वजन तेवढं वाढतं.

इथे मुलांकडून एक भागाकार करून घ्या. किलोभर हेलियम ४७ लिटरांत कोंबला तर लिटरला बावीस ग्रॅम पडले. आपल्या बेळगावच्या हवेचं एक लिटर जेमतेम १.१ ग्रॅम. म्हणजे सिलिंडरातला हेलियम बाहेरच्या हवेच्या वीसपट जड आहे! ‘हेलियम हवेपेक्षा हलका’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतं, पण ते अर्धंच आहे. ‘त्याच दाबाला आणि त्याच तापमानाला’ हे शब्द जोडले तर ते पुरं होतं. माझ्या मते हे शब्द गाळल्यामुळेच मुलं गोंधळतात, आणि तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं तिथेच बोट ठेवलं आहे.

आता दाब आणि तापमान सारखं ठेवलं तर हेलियम हलका का, ते बघू. अॅव्होगाड्रोने १८११ साली मांडलेला नियम इथे पुरतो: दाब सारखा, तापमान सारखं आणि जागाही सारखी असेल तर कुठल्याही वायूचे कण सारख्याच संख्येने असतात. बेळगावात २५ अंश तापमानाला एका लिटरमध्ये ते साधारण दोनावर बावीस शून्यं इतके असतात. हवा असो, हेलियम असो, आर्गॉन असो, आकडा तोच. (१५० बारसारख्या मोठ्या दाबाला हा नियम थोडा ढळतो, पण आपल्या हिशेबाला तो फरक किरकोळ आहे.) संख्या सारखी असल्यावर वजनाचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो, एकेका कणाचं वजन किती.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. त्याचे अणू जोडीने राहतात, एकेक अणू १४ अणुवजनाचा, जोडी २८ ची. ऑक्सिजन २१ टक्के, त्याची जोडी ३२ ची. उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आर्गॉन, तो एकटा राहतो पण ४० चा. सरासरी २९ च्या आसपास येते. हेलियमच्या अणूत दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, वजन ४, आणि तो कुणाशी जोडी करत नाही. चार विरुद्ध एकोणतीस. म्हणून त्याच दाबाला हेलियम हवेच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका भरतो. आर्गॉन आणि हेलियमचं प्रमाण ४० ला ४, म्हणजे दहापट, आणि काट्यावरचे बारा आणि एक त्याच्या जवळच आहेत.

‘अणू लहान म्हणून हलका’ हे उत्तर मात्र मुलांना पुसून टाकायला सांगा. साध्या दाबाला वायूत बहुतेक सगळी जागा मोकळीच असते, कण स्वतः त्यातला हजारावा भागही व्यापत नाहीत. त्यामुळे कणाचा आकार थोडा लहान-मोठा असल्याने लिटरच्या वजनात फरक पडत नाही. पुरावा हवा असेल तर आर्गॉनच घ्या. त्याचा अणू नायट्रोजनच्या जोडीपेक्षा किंचित लहान आहे, तरी आर्गॉन हवेपेक्षा जड आहे.

हुशार मूल इथे थांबणार नाही. ते विचारेल, हलके कण आणि जड कण सारख्याच संख्येने असताना दाब सारखा कसा राहतो? हलक्या कणांचा मार कमी बसायला नको का? प्रश्न बरोबर आहे. उत्तर वेगात आहे. तापमान सारखं असलं की प्रत्येक कणाची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते, मग कण कुठलाही असो. त्यामुळे हलका कण जोरात पळतो. २५ अंशाला हेलियमचे अणू सेकंदाला १,३६० मीटरच्या आसपास वेगाने धावतात, नायट्रोजनचे रेणू ५१५ मीटरने. हेलियमचा एकेक धक्का हलका असतो, पण धक्के अधिक वेळा बसतात, आणि दोन्ही मिळून भिंतीवरचा दाब सारखाच भरतो. अॅव्होगाड्रोचा नियम पाठ करण्यापेक्षा हे समजलं तर तो आपसूक लक्षात राहतो.

फुगा वर जातो तो हेलियमला वर जायची ओढ आहे म्हणून, असंही काही मुलं लिहितात. आपल्याकडे पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. भोपळा पाण्यात दाबला की तो हाताला वर रेटतो. तो रेटा भोपळ्याचा नसतो, पाण्याचा असतो, कारण खालच्या बाजूला पाण्याचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो. हवेचंही तसंच. फुग्याच्या बुडाशी हवेचा दाब माथ्यापेक्षा कणभर जास्त, आणि त्या फरकाने फुग्याला मिळणारा रेटा बरोबर त्याने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाएवढा. हे आर्किमिडीजचं तत्त्व. फुग्यासकट आतल्या वायूचं वजन त्याहून कमी भरलं तर फुगा वर, जास्त भरलं तर खाली. हवाच नसेल अशा ठिकाणी, उदाहरणार्थ चंद्रावर, हेलियमचा फुगाही दगडासारखाच पडेल.

आता आकडे आपल्या गावचे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंचावर आहे, त्यामुळे इथली हवा गोव्यापेक्षा आठेक टक्के विरळ. २८ सेंटिमीटर व्यासाचा साधा रबरी फुगा साडेअकरा लिटरचा होतो. तो साडेबारा ग्रॅम हवा बाजूला सारतो. आत हेलियम पावणेदोन ग्रॅम. रबर साधारण तीन ग्रॅम. उरले पावणेआठ. त्यातून दोऱ्याचं वजन गेलं की सात-साडेसात ग्रॅम उचलायची ताकद राहिली. वर्गात करून बघायचं असेल तर फुग्याला कागदाचे कपटे बांधत जा, फुगा अधांतरी तरंगायला लागला की सगळे कपटे सोनाराच्या काट्यावर तोला. आकडा थोडा कमी येईल, कारण फुगा कधी पुरा गोल नसतो आणि भरताना थोडी हवा आत जाते.

गोव्याहून चोर्ला घाटाने फुगे घेऊन येणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. चकचकीत फॉइलचे फुगे पणजीत टम्म भरून आणू नका. घाट चढताना बाहेरचा दाब उतरत जातो, आतला वायू फुगायला बघतो, फॉइल ताणत नाही, आणि शिवण सुटते. रबरी फुगा ताणतो म्हणून वाचतो. उलट इथे भरलेला फॉइलचा फुगा गोव्यात उतरला की सुरकुततो आणि लोक म्हणतात वायू कमी भरला. वायू तेवढाच असतो. आणि मौज म्हणजे मोकळेपणी फुगू-आक्रसू शकणाऱ्या फुग्यात तेवढाच हेलियम असेल तर तो बेळगावात आणि पणजीत सारखंच वजन उचलतो. वर हवा विरळ झाली तरी फुगा तेवढाच मोठा होतो आणि हिशेब जुळतो.

हायड्रोजनबद्दल मुलं विचारतीलच. त्याच्या जोडीचं वजन २, हेलियमच्या निम्मं. मग तो दुप्पट उचलेल का? मुळीच नाही. उचलण्याची ताकद म्हणजे हवा वजा वायू. २९ मधून ४ गेले तर २५, २ गेले तर २७. फरक आठ टक्क्यांचा. एवढ्या थोड्या फायद्यासाठी हायड्रोजन वापरायचा म्हणजे जीव धोक्यात घालायचा. हवेत तो ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळलेला असला तरी ठिणगीने पेट घेतो. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असो की चिंचलीच्या मायाक्काची, जत्रेत फुगे भरणारे काही जण जुन्या सिलिंडरात रसायनं टाकून जागेवरच वायू तयार करतात. तो हायड्रोजन असतो. तिथे सिलिंडर फुटला तर आजूबाजूची माणसं जातात, आणि गर्दी नेहमी मुलांचीच असते. कारखान्यात भरलेल्या सिलिंडरांचे रंग ठरलेले आहेत: हेलियमचा तपकिरी, हायड्रोजनचा लाल, आर्गॉनचा निळा, ऑक्सिजनचा काळा. गंजलेला, रंग खरवडलेला, हाताने भरलेला सिलिंडर दिसला की मुलांना लांब घेऊन जा. हे मी कळकळीने सांगतोय.

आणखी एक गोष्ट तुमच्या वर्गाला नक्की आवडेल, कारण ती आपल्या पंचक्रोशीतली आहे. हेलियम पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या या भागावरून गेला. लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, ते ग्रहण बघायला जमखंडीला आला होता. तेव्हा जमखंडी पटवर्धनांचं संस्थान होतं, आज बागलकोट जिल्ह्यात आहे. प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या ज्वाळांकडे बघताना त्याला तेजस्वी रेषा दिसल्या, त्यात एक नारिंगी-पिवळी होती. गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननेही त्याच ग्रहणात त्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. पिवळी रेषा सोडियमची असावी असं आधी वाटलं, पण जागा नेमकी जुळत नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती रेषा तपासली आणि पुढे ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. आपल्याकडे लॉकियर विजयदुर्गावर बसून ग्रहण बघत होता असं सांगतात. त्या दिवशी तो इंग्लंडमध्येच होता. जमखंडीची नोंद मात्र पक्की आहे, आणि तिची आठवण आपल्याकडे कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. पुढे १८९५ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत हेलियम ओळखला. युरेनियम-थोरियम विघटन पावताना बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजेच हेलियमची अणुकेंद्रं. जमिनीतला बहुतेक हेलियम असाच कोट्यवधी वर्षांत साठला, नैसर्गिक वायूबरोबर वर येतो, आणि भारताला जवळपास सगळा बाहेरून आणावा लागतो. एमआरआय यंत्रातलं चुंबक थंड ठेवायला तोच लागतो. म्हणून नुसत्या सजावटीसाठी शेकडो फुगे मागणाऱ्यांना मी आधी पंपाच्या हवेचे फुगे टांगायचं सुचवतो.

हलक्या-जडाचा हा हिशेब घरीदारी उपयोगी पडतो, आणि माझ्या दृष्टीने खरं महत्त्व त्याचं आहे. स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन ४४, ब्युटेन ५८, दोन्ही हवेहून जड. गळला की जमिनीलगत पसरतो, म्हणून वास आला की दारं उघडा, खालून वारा वाहू द्या, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. कार्बन डायऑक्साइड ४४. चिकोडी-निपाणीकडच्या जुन्या, वापरात नसलेल्या विहिरींत पालापाचोळा कुजून तो तळाला साठतो, वारा लागत नाही, आणि गाळ काढायला उतरलेला माणूस आवाजही न काढता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा विहिरीत आधी हवा खेळती केल्याशिवाय कुणीही उतरू नये. वर्कशॉपच्या खड्ड्यात साचलेला आर्गॉनही असाच घात करतो. तो विषारी नाही, पण ऑक्सिजनला जागा ठेवत नाही. हेलियम छताशी जमतो एवढाच फरक. आवाज बारीक करायला फुग्यातला हेलियम छातीत ओढतात, तेही मुलांना करू देऊ नका. सिलिंडरच्या नळीला तोंड लावणं तर थेट जिवावर बेततं.

इथे एक शंका येईल: मग हवेतला जड ऑक्सिजन खाली आणि नायट्रोजन वर असा थर का लागत नाही? कण सतत धावत एकमेकांत मिसळतात म्हणून. एकदा मिसळलेले वायू घराएवढ्या उंचीत आपण होऊन वेगळे होत नाहीत. विहिरीत थर टिकतो कारण वायू खालून सारखा तयार होत असतो आणि ढवळायला वारा नसतो. पाण्याची वाफ १८ ची, म्हणून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हवा जड झाल्यासारखी वाटते, पण काट्याला ते मान्य नाही.

राहिला अणूच्या लहानपणाचा मुद्दा. तो हलकेपणाला लागत नाही, पण दुसऱ्या ठिकाणी अचूक लागतो. हेलियमचा अणू सगळ्यांत लहान, त्यात वेगवान, शिवाय कुणाशी चिकटत नाही. रबराच्या विणीतून तो पार होतो. म्हणून संध्याकाळी भरलेला रबरी फुगा दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ पक्की असूनही मलूल होऊन जमिनीवर लोळतो. फॉइलमधून त्याला सहज वाट मिळत नाही, तो फुगा कित्येक दिवस टिकतो. याच गुणामुळे कारखान्यात बारीकशी गळती शोधायला हेलियम वापरतात: जोडाच्या एका बाजूला हेलियम सोडायचा, दुसऱ्या बाजूला यंत्राने हुंगायचं.

तुमच्या शाळेचं गॅदरिंग सकाळी दहाला असेल तर रबरी फुगे त्याच दिवशी सातच्या पुढे भरा, आदल्या रात्री नको. भरलेले फुगे पत्र्याच्या शेडखाली उन्हात ठेवू नका, तापले की फुटतात. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवा, भरायचं काम एका मोठ्या माणसाकडेच द्या, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या असू द्या.